पंधरा गुण, अठ्ठेचाळीस तास

खासगी कंपनीत साधी रिसेप्शनिस्टची जागा भरायची असली तरी एचआरवाले काय काय करतात बघा. बायोडेटा चाळतात, तीन फेऱ्यांत मुलाखत घेतात, आधीच्या कंपनीत फोन करून "वेळेवर यायच्या का?" हे विचारतात, आणि पदवीचं प्रमाणपत्र खरं की रंगीत झेरॉक्स हे बघायला पैसे मोजून बाहेरची एजन्सी लावतात. माणूस पारखणं हा त्यांचा धंदाच. मात्र हीच मंडळी पीएचडीला बसली की पारख घरी ठेवून येतात. ज्या जर्नलचा संपादक कोण, कचेरी कुठे, आलेला निबंध वाचतं कोण, यातलं काहीही ठाऊक नाही, त्याच्या हाती तीन वर्षांची मेहनत आणि वर दीड-दोन हजार रुपये बिनदिक्कत सोपवतात. पोच म्हणून सोनेरी किनारीचं प्रमाणपत्र येतं. ते लॅमिनेट होतं.

माझी भाची चंडीगडला असते. नोकरी मोहालीत, एका कंपनीच्या एचआर विभागात. राहायला सेक्टर ३९ मध्ये पीजी. पीएचडीची नोंदणी मात्र इकडे, महाराष्ट्रातल्या एका खासगी कॉलेजच्या संशोधन केंद्रात. सेक्टर ३९ म्हणजे तसा शास्त्रीय शेजार. सूक्ष्मजीवांवर काम करणारी सीएसआयआरची 'इमटेक' ही संस्था १९८४ पासूनची, ती इथलीच. शहराला पाणी पोचवणारं वॉटरवर्क्सही इथेच. आणि सेक्टर २६ मधली मंडई हलवायची म्हणून राखलेली मोठी मोकळी जागा, जी वर्षानुवर्षं मंडईची वाट बघत आहे. अशा ठिकाणी एका संध्याकाळी भाचीच्या फोनवर निरोप आला: "आदरणीय प्रोफेसर, आपलं थोर संशोधन आमच्या आंतरराष्ट्रीय जर्नलला हवं आहे." ती प्रोफेसर नाही. थोर संशोधनाचं अजून लिटरेचर रिव्ह्यूवरच घोडं अडलेलं. जर्नलचे विषय: मानव संसाधन, नर्सिंग, सिव्हिल इंजिनिअरिंग, आयुर्वेद आणि संगीत. निबंध तपासून, स्वीकारून, छापून अठ्ठेचाळीस तासांत. सहलेखक जोडायचा असल्यास प्रत्येकी तीनशे जादा.

पीजीच्या मालकीणबाई, सगळ्यांच्या आंटीजी, शेजारी वाटाणे सोलत बसलेल्या. याच आंटीजींनी भाचीला खोली देताना फोटो, आधार, साताऱ्याचा पत्ता, कंपनीचं पत्र आणि आईचा फोन नंबर घेतला होता, आणि भाडेकरूंच्या पडताळणीचा पोलिसांचा फॉर्म स्वतः नेऊन दिला होता. त्यांनी निरोप ऐकला आणि विचारलं, "पुत्तर, इन्हां दा दफ्तर कित्थे है?" भाचीने वेबसाइट वरून खाली आणि खालून वर पाहिली. दफ्तराच्या जागी एक जीमेल होता.

"फेर छड्ड," म्हणजे मग सोड, आंटीजी म्हणाल्या आणि वाटाण्यांकडे वळल्या.

पीअर रिव्ह्यू म्हणतात तो हाच. फरक इतकाच की आंटीजींनी पैसे घेतले नाहीत.

आता या दुकानांवर तोंडसुख घेणं सोपं आहे आणि दर दोन-तीन वर्षांनी वर्तमानपत्रं ते घेतातही. पण दुकान गिऱ्हाइकाशिवाय चालत नाही, आणि हे गिऱ्हाईक सरकारी नियमाने तयार केलेलं आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० साली प्राध्यापकांच्या बढतीसाठी एपीआय नावाची गुणपद्धती आणली. तज्ज्ञांनी तपासलेल्या जर्नलमधल्या निबंधाला पंधरा गुण. न तपासणाऱ्या पण नामांकित आणि आयएसएसएन क्रमांक असलेल्या नियतकालिकातल्या निबंधाला दहा. नामांकित म्हणजे काय यावर वाद घालता येतो. क्रमांकावर घालता येत नाही. त्यामुळे फाइल तपासणाऱ्याने क्रमांकच पाहिला. आणि हा क्रमांक म्हणजे नियतकालिकाची आठ आकडी नोंद, बाकी काही नाही. तो दिल्लीतून मिळतो, फुकट मिळतो, आणि आतल्या मजकुराबद्दल अवाक्षर काढत नाही. गाडीला नंबर प्लेट आहे म्हणून ड्रायव्हरला गाडी येते असं आरटीओसुद्धा म्हणत नाही. उच्च शिक्षणाने म्हटलं.

त्याच्याही आधी, २००९ च्या नियमांनी पीएचडीचा प्रबंध सादर करण्यापूर्वी एक निबंध छापून आणणं सक्तीचं केलं होतं. म्हणजे वरून प्राध्यापक ढकलतोय, खालून विद्यार्थी ढकलतोय, आणि मधे कुणीतरी दार उघडून बसलाय. ही सक्ती २०२२ मध्ये निघाली. तोवर दाराचे बंगले झाले होते.

हा सगळा प्रकार म्हणजे मानव संसाधन या विषयातलाच एक धडा आहे. ज्या गोष्टीला तुम्ही बक्षीस लावाल ती गोष्ट माणसं तुम्हाला पुरवतील, मग ती तुम्हाला खरोखर हवी होती की नाही हा तुमचा प्रश्न. एमबीएच्या पहिल्या सत्रात हे शिकवतात. शिकवणारे सर तास संपला की स्टाफरूममध्ये जाऊन कॅसच्या, म्हणजे बढतीच्या, फाइलीसाठी पेपर 'लावतात'.

पुण्याने या बाबतीत एक चांगलं काम केलं, ते सांगायला हवं. आयोगाने जानेवारी २०१७ मध्ये मान्यताप्राप्त जर्नलांची यादी काढली. ३८,६५३ नावं. एवढी मोठी यादी म्हणजे गाळणी नव्हे, टेलिफोन डिरेक्टरी. त्यात विद्यापीठांनी शिफारस करून घुसवलेली नावं किती आणि कशी, हे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे भूषण पटवर्धन, शुभदा नगरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासलं. निष्कर्ष मार्च २०१८ च्या 'करंट सायन्स'मध्ये आले. विद्यापीठांच्या शिफारशीतली १,३३६ जर्नलं चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडली, त्यातली नामवंत सूचींत असलेली वगळली, उरली १,००९. त्यातल्या ३४.५ टक्क्यांकडे पत्ता, वेबसाइट, संपादकांची नावं असली मूलभूत माहितीच नव्हती किंवा चुकीची होती. आणखी ५२.३ टक्क्यांनी खोटं सांगितलं होतं: आयएसएसएन चुकीचा, इम्पॅक्ट फॅक्टर (जर्नलला मिळणाऱ्या हवाल्यांवरून काढलेला आकडा) काल्पनिक, संपादक नावापुरते. सूचीत नसलेल्यांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक जर्नलं हलक्या दर्जाची असावीत, असा त्यांचा हिशेब निघाला.

आंटीजींच्या एका प्रश्नात यातला तिसरा हिस्सा गळाला असता, हे लक्षात घ्या.

मे २०१८ मध्ये आयोगाने ४,३०५ नावं उडवली. २०१९ मध्ये 'केअर' नावाची नवी यादी आली, तिची छाननी पुणे विद्यापीठातच होऊ लागली. लगेच नवा उद्योग सुरू झाला: यादीतल्या खऱ्या जर्नलचं नाव आणि क्रमांक उचलायचा आणि तशीच दिसणारी नकली वेबसाइट उभी करायची. मग केअरला नकली वेबसाइटींचीही यादी ठेवावी लागली. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने जाहीर केलं की केअर बंद, आता निकष आम्ही सुचवतो, जर्नल कसं आहे ते प्रत्येक संस्थेने आपापलं ठरवावं. संस्था म्हणजे समिती. समिती म्हणजे ज्येष्ठ प्राध्यापक. ज्येष्ठ प्राध्यापक म्हणजे २०१० नंतर बढती मिळालेले. पुढचं मी लिहीत नाही.

दुकान ओळखायचं कसं, यावर पोलंडच्या काही संशोधकांनी झकास प्रयोग केला होता. त्यांनी अ‍ॅना ओ. शुस्ट नावाची बाई कागदावर तयार केली. पदव्या बनावट, निबंध शून्य, 'ओ' आणि आडनाव जोडून वाचलं की पोलिश अर्थ चक्क ठग. या बाईंनी ३६० जर्नलांकडे संपादकपदासाठी अर्ज केले. ४८ जर्नलांनी नेमणूक करून टाकली. मुलाखत नाही, कागदपत्रं नाहीत, आधीच्या मालकाला फोन नाही. काहींनी तर थेट मुख्य संपादक केलं. हे २०१७ च्या 'नेचर'मध्ये छापून आलं आहे, आणि भरतीवर पीएचडी करणाऱ्याने हे प्रकरण पहिल्याच पानावर घ्यावं असं आहे. त्याआधी २०१३ मध्ये जॉन बोहॅनन यांनी 'सायन्स'साठी मुद्दाम चुका पेरलेला एक निबंध ३०४ जर्नलांना पाठवला. १५७ जणांनी स्वीकारला. भारतातल्या ६४ जर्नलांनी होकार दिला, १५ जणांनी नकार. अतिथी देवो भव.

बरं, दुकान टाळलं म्हणून चांगला निबंध सापडतो असं नाही. भाचीचं खरं दुखणं ते होतं. "मामा, गूगल स्कॉलरवर एम्प्लॉयी एंगेजमेंट टाकलं की लाखांनी येतं. त्यातलं वाचायचं कुठलं?" गूगल स्कॉलर सोयीचं आहे, पण त्याच्या दारावर राखणदार नाही. 'अ‍ॅकॅडमी ऑफ मॅनेजमेंट जर्नल' आणि ते संगीत-सिव्हिलवालं जर्नल तिथे मांडीला मांडी लावून बसलेली असतात.

आता एंगेजमेंट हा शब्द घ्या. एकही एचआर परिषद याच्याशिवाय होत नाही. या सगळ्याचं मूळ म्हणून ज्याचा हवाला देतात तो विल्यम कान यांचा निबंध १९९० चा, त्याच 'अ‍ॅकॅडमी ऑफ मॅनेजमेंट जर्नल'मधला. भाचीने तो उघडला. कान यांनी कुणाचा अभ्यास केला होता? बँकांचा? कारखान्यांचा? नाही. मुलांच्या उन्हाळी शिबिरातल्या ताई-दादांचा आणि वास्तुरचनाकारांच्या एका कार्यालयातल्या लोकांचा. आणि सर्वेक्षण करून नाही, त्यांच्यात वावरून, तासन्‌तास बोलून. माणूस कामात स्वतःला कधी ओततो आणि कधी आखडून घेतो, हे तो निबंध प्रसंगांतून दाखवतो. भाची म्हणाली, "मी वाचलेल्या बहुतेक पेपरांत कान, १९९० आहे. शिबिराचा उल्लेख मात्र कुठेच नाही." म्हणजे हवाला सगळ्यांनी दिला, निबंध फारसा कुणी उघडला नाही. एकाने दुसऱ्याचा उतरवला, दुसऱ्याने तिसऱ्याचा. लग्नपत्रिकेवरच्या मान्यवरांसारखी कान यांची उपस्थिती प्रार्थनीय, इतकंच.

खरा निबंध पहिल्याच पानावर बरंच काही बोलतो. कधी पोचला, कधी दुरुस्त झाला, कधी स्वीकारला, या तारखा चांगली जर्नलं छापतात, आणि त्यांत महिने गेलेले दिसतात. निबंधाला डीओआय, म्हणजे त्याचा इंटरनेटवरचा ओळखक्रमांक, असेल तर तो टाकून बघावा, त्याच निबंधाशी पोचतो का. संपादक मंडळातल्या एखाद्याचं त्याच्या स्वतःच्या विद्यापीठाचं पान उघडावं, त्याला आपण संपादक असल्याचं माहीत आहे का ते कळतं. इम्पॅक्ट फॅक्टर लिहिलेला असेल तर तो क्लॅरिव्हेट कंपनीच्या वार्षिक अहवालातला आहे का, की 'ग्लोबल', 'युनिव्हर्सल', 'कॉस्मिक' असल्या कुठल्या घरगुती कंपनीने दिलेला. आणि मग पद्धतीचं प्रकरण वाचावं. एचआरच्या देशी निबंधांचा खरा कस इथे लागतो. 'अमुक शहरातील खासगी बँकांतील कर्मचाऱ्यांच्या समाधानाचा अभ्यास' असं भारदस्त शीर्षक असतं, आणि नमुना म्हणजे लेखकाच्या मेहुण्याच्या शाखेतली माणसं. त्याला 'सोयीचा नमुना' म्हणतात. सोय कुणाची, हे लिहीत नाहीत. निष्कर्ष ठरलेला: पगार वाढला तर समाधान वाढतं, पुढील संशोधनास वाव आहे.

सल्लागार कंपन्यांचे चकचकीत अहवाल हा आणखी एक चकवा. आकडे खरे असतीलही, पण ज्याला औषध विकायचंय त्यानेच काढलेला तो रोगाचा अहवाल. 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू' वाचावं, जरूर वाचावं, पण ते मॅगझिन आहे. त्यातले लेख संपादक निवडतात, बाहेरचे अनाम तज्ज्ञ तपासत नाहीत. हे सांगितलं की व्यवस्थापनाचे प्राध्यापक दुखावतात.

दुसरी अडचण अशी की आपल्याकडचं उत्तम संशोधन एचआर या नावाखाली सापडतच नाही. ते जुन्या पाट्यांखाली आहे: कामगार कल्याण, औद्योगिक संबंध, पर्सोनेल. अहमदाबादच्या कॅलिको मिलमधल्या स्वयंचलित मागांवर विणकरांचे गट कसे जमले आणि उत्पादन कसं बदललं, यावर ए. के. राइस यांचा निबंध १९५३ साली 'ह्यूमन रिलेशन्स'मध्ये आला. आज 'टीमवर्क' म्हणून जे विकतात त्याचा तो आजोबा. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचं 'इंडियन जर्नल ऑफ सोशल वर्क' १९४० पासूनचं. दिल्लीच्या श्रीराम सेंटरचं 'इंडियन जर्नल ऑफ इंडस्ट्रियल रिलेशन्स' १९६५ पासून, अहमदाबाद आयआयएमचं 'विकल्प' १९७६ पासून. मॉरिस डेव्हिड मॉरिस यांनी मुंबईच्या गिरणी कामगारवर्गावर अख्खं पुस्तक लिहिलं, हब व्हॅन वर्श यांनी १९८२ च्या संपावर. भारतात एचआरडीचा पहिला स्वतंत्र विभाग ज्या कंपनीत निघाल्याचं सांगतात ती लार्सन अँड टुब्रो मुंबईची, आणि तो घडवणारे उदय पारीक आणि टी. व्ही. राव यांनी आपला अनुभव लिहून ठेवलेला आहे. एक चांगला निबंध हाती लागला की त्याच्या संदर्भसूचीतून मागे जावं आणि त्याचा हवाला पुढे कुणी दिला ते धरून पुढे यावं. गावात एक खरा माणूस भेटला की बाकीचे तोच दाखवतो. आपले प्रबंध 'शोधगंगा' या संकेतस्थळावर उघडे पडलेले आहेत, तेही बघावेत. 'उघडे पडलेले' हा शब्द काही प्रबंधांना दोन्ही अर्थांनी लागू आहे.

पण सापडला म्हणून वाचायला मिळेल? सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' मंजूर केलं. तीन वर्षांना सहा हजार कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे तेरा हजार जर्नलं, ६,३०० हून अधिक संस्था. कामाची योजना आहे, उगाच नाक मुरडत नाही. फक्त ती केंद्र आणि राज्य सरकारी संस्थांपुरती आहे. म्हणजे भाचीच्या पीजीजवळच्या इमटेकमधल्या संशोधकाला व्यवस्थापनाची जर्नलंही बसल्या जागी उघडता येतील, जी त्याला बहुधा नको आहेत. आणि महाराष्ट्रातली एमबीएची कॉलेजं, जिथून एचआरचे निबंध पोत्यांनी निघतात, ती बरीचशी खासगी, म्हणून दाराबाहेर. भाचीचं कॉलेजही त्यातलंच. तिच्यासमोर एका निबंधाची किंमत डॉलरमध्ये येते. शेजारच्या टॅबमध्ये संगीत-सिव्हिलवालं जर्नल सगळं फुकट वाचायला देत असतं. मग गरीब विद्यार्थी हवाला कुणाचा देणार?

चांगल्या जर्नलमध्ये आलं म्हणजे खरं, असंही डोळे मिटून धरू नये. चंडीगडकरांना हे सांगायला नको. पंजाब विद्यापीठातले विश्वजित गुप्ता यांनी हिमालयातल्या जीवाश्मांवर दोन दशकांहून अधिक काळ निबंधांचा पाऊस पाडला, मातब्बर सहलेखकांसह. १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या जॉन टॅलेंट यांनी 'नेचर'मध्ये लिहिलं की यातले काही जीवाश्म हिमालयातले नाहीतच, मोरोक्कोसारख्या ठिकाणचे दिसतात. दगडांना पाय फुटले होते. चौकशी झाली, ठपका आला, नोकरी राहिली. सहलेखकांपैकी किती जणांनी "दगड नेमका कुठे सापडला?" असं विचारलं असेल? म्हणजे पुन्हा पत्त्याचाच प्रश्न.

हल्ली त्यात एआयची भर पडली आहे. त्याला संदर्भ मागितले की लेखक खरा, जर्नल खरं, वर्ष शोभेसं आणि निबंध अस्तित्वातच नाही, असा ऐवज नम्रपणे हजर होतो. दुकानवाले निदान काहीतरी छापत तरी होते.

आणि ज्यांच्यासाठी हे सगळं चाललंय ते प्रत्यक्ष एचआर खात्यातले लोक काय वाचतात? सारा राइन्स आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या ९५९ एचआर अधिकाऱ्यांना संशोधनातून सिद्ध झालेल्या गोष्टींवर चूक-बरोबरचे ३५ प्रश्न दिले. २००२ मध्ये निकाल आला: सरासरी ५७ टक्के. नाणं उडवून ५० मिळतात. वरचे सात टक्के म्हणजे पदवी, अनुभव आणि परिषदांमधलं जेवण.

भाचीने शेवटी विषयच बदलला. गाइडना कसंबसं पटवून आता ती 'प्राध्यापक अशा जर्नलांत का छापतात' यावर काम करते आहे. प्रश्नावली तयार करून तिने ओळखीच्या कॉलेजांच्या ग्रुपवर टाकली. नाव लिहायचं नाही, गुप्ततेची हमी, सगळं रीतसर. बरेच दिवस ग्रुपवर शांतता होती, फक्त रोजचे सुप्रभात येत होते. मग एका सरांचा उलट निरोप आला. प्रश्नावली उत्तम आहे, विषय काळाची गरज आहे, पेपर झाला की मलाच पाठव. आमच्या जर्नलमध्ये या महिन्यात सवलत आहे, आणि सहलेखक म्हणून माझं नाव घातलंस तर तेवढे पैसेही देऊ नकोस.

तिने मला विचारलं, "मामा, हे उत्तर डेटा म्हणून धरू का?"